आडातली जाऊ आणि नळयोजना

३ मार्च, सोमवार
सांगणारी मी, केवळाबाई. लिहिणारी सून, दीपमाला. वाचणारं कुणी न्हाई. मला तर अक्षरच कळत न्हाई, तेव्हा खरं बोलायला हरकत न्हाई.
शहराला पाण्याची नवी योजना आलीय. आमच्या गल्लीतला आड बुजवून तिथं टाकी बांधणार म्हणे. बांधतात कशी बघते. आता योजना मीच करणार.
आडात माझी थोरली जाऊ साखराबाई हाय. बहात्तरच्या दुष्काळात तळाचं पाणी वाटीनं भरायला उतरली, वरून दरड बसली. तिला वर काढलं, दिवस घातले. तरी ती खालीच हाय. बोलते. मी भुताखेताला मानत न्हाई. जाऊ ती जाऊ.

४ मार्च, मंगळवार
आडाला हळदकुंकू, खण, नारळ. आज नळ सुटायचा दिवस. त्याच दिवशी साखराबाईला तोंड फुटतं. बाकी आठवडा रुसलेली. वाकून कान लावला. गार वारा आला अन् खालून म्हणाली, केवळे, तुझ्या नळाला करंगळीएवढी धार, अन् तू शहराची योजना करणार? म्हटलं, तुम्ही खाली बसून टोमणे मारा, वरचं मी बघते.
दीपमाला म्हणते, आत्याबाई, मला नुसतं पाणीच ऐकू येतं. बी.ए. झालेली. तिला कसं ऐकू येणार.

११ मार्च, मंगळवार, दुपार
नगरपंचायतीचा इंजिनिअर अनिमेष आला. दोनदा चहा घेतला, म्हणजे माझं पटलं. म्हटलं, साहेब, भर उन्हाळ्यात हा आड आटत न्हाई. फिल्टर, टाकी कशाला? गल्लीला हेच पाजा. तो मोबाईलमध्ये बघून राहिला होता. माझंच टिपून घेत असणार. जाताना बाटलीत आडाचं पाणी नेलं.
साखराबाई मागून खुसखुसली. मी वळून बघितलं न्हाई.

१७ मार्च, सोमवार
रिपोर्ट आला. आडाच्या पाण्यात क्लोरीन, नळाच्या पाण्यात टाकतात तेच. अनिमेष म्हणे, हे इथं आलं कुठून? म्हटलं, आमच्या जाऊबाई पहिल्यापासून लई सोवळ्याच्या.
तो हसला न्हाई. टाकी इथंच होणार म्हणाला.

१८ मार्च, मंगळवार
हुज्जत घातली. म्हटलं, साहेब, फुटक्या घागरीत कितीबी ओता, भरंल का? आधी पाणी जातं कुठं ते शोधा, मग टाकी बांधा. अनिमेष म्हणाला, आजी, मुद्दा आहे तुमचा.
साखराबाईला सांगितलं, बघा, तुमचा आड वाचवते. ती लई वेळ बडबडत होती. शब्द काही लागला न्हाई. आभारच मानत असणार.

२२ मार्च, शनिवार
रस्ता खोदला. आडाला लागूनच मोठा पाइप फुटलेला, कैक वर्षांचा. सांधला. अनिमेष म्हणे, आता जुन्याच टाकीवर भागेल, आड राहू द्या. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. जिंकले.

२५ मार्च, मंगळवार
नळ सुटला. अशी धार की बादली कलंडली. दीपमालानं पातेलीसुद्धा भरून ठेवली.
मी आडाशी जाऊन बसले. ऊन डोक्यावर आलं. साखराबाई बोलली न्हाई. रुसली असंल. माझं नाव झालं, ते बघवत नसंल.

१ एप्रिल, मंगळवार
नळाला धार. आडाला तळ.
अनिमेष म्हणाला, आजी, ते पाणी फुटक्या पाइपाचंच होतं, आवाजबी त्याचाच. म्हटलं, लई शिकलास, बाबा. हाका मारून बघितल्या. माझाच आवाज वर आला, तोही म्हातारा.
नगराध्यक्ष व्यंकटराव शाल घालणार हायत. त्यांना म्हटलं, घाला.
दीपमाला पेन धरून बसलीय. पुढं काय लिहू, म्हणते. म्हटलं, थांब गं. आधी खालून कुणी टोमणा मारू दे, मग मला उत्तर सुचंल.