इंटरवलपर्यंत नाव विचारायचं नाही

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज चौतीस पूर्ण. आजपासून रोज लिहीन. पुढं माझी प्रेमकहाणी कोणाले सांगायची झाली तर तारखा लागतील.

आवडता पिक्चर सतराव्यांदा पाह्यला. हिरो मरते, वर ढगात पांढरे कपडे घालून हिरोईनची वाट पाहते, मग दोघंही पुन्हा जन्म घेते. रडलो. बाबा बाजूले पेपर वाचत होते. रेल्वेतून रिटायर झाले, पण समाजाच्या मीटिंगांतून नाही. म्हणाले, आत्मा नाही, नशीब नाही, पुनर्जन्म नाही, यशदीप, तुले किती वेळा सांगू. मी म्हटलं, बाबा, तुम्ही पिक्चर पाहतच नाही, तुम्हाले काय माहीत.

ऐन क्लायमॅक्सले आई मोबाईलवरचा बायोडेटा वाचून दाखवत होती. कोणी मोनाली, फिजिओथेरपिस्ट, समता कॉलोनीत क्लिनिक. फोटो पाह्यलाच नाही. नशीब व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन येत नसते. नकार दिला. मग संघर्षसाठी बोलू का, म्हणाली. संघर्ष माझा धाकटा भाऊ, भिलाईच्या प्लांटमध्ये आहे, एकही पिक्चर शेवटपर्यंत पाहत नाही. थोरल्याच्या आधी धाकट्याचं कसं, म्हणून तिचा जीव अडकला होता. मी मोठ्या मनानं परवानगी देऊन टाकली.

५ नोव्हेंबर. संध्याकाळी ७

भेटली! गोल बाजारात, भांड्यांच्या दुकानात. कुकरची शिट्टी घ्यायला गेलो होतो. स्टीलचा एक डब्बा मी अन् तिनं एकदमच धरला. भैया छोड़िए, ये मेरा है, म्हणाली. भैया तर रायपुरात सगळ्यांलेच म्हणतात, ते मोजायचं नाही.

नियम: तीन भेटी अचानक झाल्या म्हणजे नशीब पक्कं. दोन बाकी.

(शिट्टी राहूनच गेली. आईनं ऐकवलं.)

८ नोव्हेंबर

ऑफिसातल्या गंगाधरची मान आखडली. त्याले स्कूटरवर समता कॉलोनीतल्या क्लिनिकात नेलं. आत पांढरा ॲप्रन घालून कोण? तीच! भेट दुसरी.

आईची ती बायोडेटावाली पण इकडंच कुठंतरी बसत असेल. बिचारी.

नाव बाहेर बोर्डावर होतं, मी मुद्दाम मान फिरवली. पिक्चरमध्ये नाव इंटरवलनंतरच कळते. घाई केली की मजा जाते.

१० नोव्हेंबर

माझी पाठ दुखायला लागली. म्हणजे दुखत नाही, पण नशिबालेही कधी कधी धक्का द्यावा लागते. दहा सिटिंग घेतल्या. भेट तिसरी. अचानकच धरायची, कारण मी येणार हे तिले कुठं माहीत होतं.

१३ नोव्हेंबर

दुसरी सिटिंग. साँस लीजिए म्हणाली, मग छोड़िए म्हणाली. इतकी काळजी मले कोणी केली नाही. आज मनातलं सांगणार होतो, पण पालथा होतो. पालथं झोपून कोणत्याच हिरोनं सांगितलेलं मले आठवत नाही. शिवाय मोज्याले भोक होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरचे सगळे संघर्षसाठी पोरगी पाहायले गेले. मलेही चल म्हणत होते. माझी सिटिंग होती.

क्लिनिकात ती नव्हती. काउंटरवरची पोट्टी म्हणे, मैडम के घर आज मेहमान आ रहे हैं. म्हणजे बाप जबरदस्तीनं लग्न लावून राहिला! तो खलनायक ह्या क्षणी तिच्या हातचे पोहे खात असेल. लेकाचा.

घरी आलो तर संघर्ष खुशीत. जेवायला बसला नाही. दोन प्लेट पोहे झाले म्हणे. काही लोकांले दुसऱ्याचं दुःख दिसतच नाही.

२० नोव्हेंबर

तिसरी सिटिंग. फार मोठा दिवस. आता मले पाहून हसते. दहा सिटिंगची फी आधी भरली होती, ती काउंटरवरच्या पोट्टीकडून परत करवली. घरच्या माणसाकडून कशी घेऊ, म्हणाली. चक्क मराठीत! मी घरचा! त्या खलनायकाले आता कोण विचारते.

घरी संघर्षच्या साक्षगंधाची धावपळ, अंगठ्यांची मापं. आई फोटो दाखवायले आली. मी डोळे मिटून तिचंच हसू आठवून राहिलो होतो, हात हलवून मस्त आहे म्हटलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चौथी सिटिंग. नाव विचारणारच होतो. पण ती घाईत होती, उद्या या बरं का, वेळेवर, म्हणाली. उद्या तर रविवार, संघर्षचं साक्षगंध. तरी मले एकट्यालेच बोलावलं म्हणजे पळून जायचा बेत असेल. ठरवलं: हॉलमध्ये तोंड दाखवायचं, अन् तिथून सरळ क्लिनिक. बॅगेत दोन शर्ट भरले.

३० नोव्हेंबर

हॉल. सगळे पांढऱ्या कपड्यांत. पिक्चरमधला स्वर्ग असाच दिसते. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर संघर्ष उभा, अन् बाजूले पांढऱ्या साडीत ती. मोनाली. नाव कळलं. इंटरवल झालाच नाही, सरळ पिक्चरच संपला.

पाया पडायले वाकली अन् हळूच म्हणाली, "दादा, आज वजन उचलू नका बरं."

लिहून टाकतो. वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं. बॅग मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीवर बसलो. बाबा जवळ आले, त्यांनी बॅगेकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, जाऊ द्या बाबा, पुढच्या जन्मी पाहू. ते नेहमीसारखे चिडले नाही. खांद्यावर हात ठेवला.

"पुढचा जन्म नाही, यशदीप. जे काय आहे, ते यातच. ऊठ, पंगत बसली, वरण वाढ."

उठलो. बालटी उचलली. तिसऱ्या पंगतीत पाठीत उसण भरली, खरोखरची. वाकताही येत नाही, उठताही येत नाही.

सहा सिटिंग बाकी आहेत. आता कोणत्या तोंडानं जाऊ?