टिंबापुढचं आडनाव

२४ नोव्हेंबर, सोमवार
आज इनबॉक्स. टपाल नाक्याजवळच्या वाचनालयात माझ्या संगणक वर्गाला सहा जणी येतात, सगळ्या पन्नाशीच्या आसपास. इनबॉक्स म्हणजे आलेलं, सेंट म्हणजे गेलेलं, ड्राफ्ट म्हणजे लिहून पाठवायचं राहिलेलं. अटॅचमेंट काही केल्या समजावता येईना. शेवटी मैनाताईच म्हणाल्या, “मोठ्या होडीला मागं होडकं बांधतान, तसंच ना?” दोन वर्षं शिकवतेय, मला हे कधी सुचलं नाही!

मैनाताई गव्हाणच्या. सकाळी बाजारात मासळी विकून वर्गाला येतात. आज सुटल्यावर मागे थांबल्या. त्यांच्या सासूबाई, कृष्णाबाई, गावच्या धवलारीण — लग्नात हळदीला धवले, म्हणजे परंपरेची लग्नगीतं, म्हणायच्या. मागच्या वर्षी गेल्या. मैनाताईंच्या मुलाने, हितेशने, चौदा वर्षांपूर्वी जुन्या फोनवर त्यांचा एक धवला टिपून ठेवला होता. आता सात तारखेला लेकीची, समृद्धीची, हळद आहे. तिला आजीचाच धवला हवाय. साउंडवाला म्हणतो, एमपीथ्री करून मेल करा. पण फाईल कशावरच वाजत नाही.

तुम्हीच का म्हणत नाही, विचारलं. “मना नाय येत, बाई. माजा गला नाय. गावात आता कोनाचाच नाय.”

मेमरी कार्ड माझ्या हातात ठेवलं. नखाएवढं.

२५ नोव्हेंबर
कार्डात एकच फाईल आहे. तीनशे साठ केबी. मी काल टेकडीचा फोटो काढला, तो याच्या दहापट मोठा. एवढ्याशा जागेत एका बाईचा श्वास, तिचा सूर, कदाचित त्या दिवशीचं ऊनसुद्धा — आणि मी मात्र दाराबाहेर उभी.

२६ नोव्हेंबर, बुधवार
वर्गात फाईलचे प्रकार घेतले. म्हटलं, नाव आपण ठेवायचं. टिंबापुढे येतं ते आडनाव. त्यावरून फाईल कुठल्या घरची ते कळतं. जेपीजी असेल तर फोटो. डॉक असेल तर त्यात खाडाखोड करता येते. पीडीएफ म्हणजे छापल्यासारखं, कुठेही उघडा, तसंच दिसणार. मैनाताईंच्या फाईलचं आडनाव एएमआर, जुन्या फोनांच्या घरचं.

मी वर्गातल्या वसुंधराताईंचा पासवर्ड शोधत होते, तेवढ्यात मैनाताईंनी एएमआर पुसून एमपीथ्री लिहिलं आणि फाईल साउंडवाल्याला पाठवूनही दिली. आयुष्यातला पहिला मेल! दहा मिनिटांत त्याचं उत्तर — फाईल खराब आहे, वाजत नाही.

मैनाताई खट्टू झाल्या. “लग्नात आमचं आडनाव बदललंच ना? आमी चाललो. मंग हिला काय झालं?”

सगळ्या हसल्या. मला हसता आलं नाही. सांगितलं, नाव बदलून आतलं बदलत नाही. आतलं नव्याने लिहावं लागतं. सांगताना आठवलं, नवऱ्यापासून वेगळं होऊन सहा वर्षं झाली तरी माझ्या मेलच्या पत्त्यात अजून त्याचंच आडनाव आहे.

२९ नोव्हेंबर
दोन प्रोग्रॅम उतरवून पाहिले. उघडत नाही.

१ डिसेंबर, सोमवार
तिसऱ्याने उघडलं!

आधी भांड्यांचा आवाज, एक कोंबडी, मग एका म्हातारीचा खरखरीत सूर. पहिली ओळ संपायच्या आत मी बंद केलं. पुढचं ऐकणं माझं काम नव्हतं. न ऐकताच एमपीथ्री करून ठेवली. आता जवळपास चार एमबी. वजन दहापट, आवाज तेवढाच.

३ डिसेंबर, बुधवार
मैनाताईंनी हेडफोन लावला आणि पहिल्या ओळीलाच काढला. म्हणाल्या, बाकीचं मांडवातच ऐकेन, सगळ्यांत बसून.

मेल त्यांनी स्वतः लिहिला. विषय : कृष्णाबाईचा धवला. हितेशला सीसी, म्हणजे त्यालाही कळेल. सेंड दाबलं. मग सेंट उघडून पाहिलं.

“गेला?”

गेला, म्हटलं.

“मंग हितं कसा हाय अजून? मासा दिला का टोपलीतून जातो.”

सांगितलं, हो ताई, दिलं तरी उरतं, हे असं आहे. घरी येताना तेच मनात घोळत होतं. रोज शिकवते, आणि आज पहिल्यांदा थक्क झाले.

७ डिसेंबर, रविवार
गव्हाणहून आत्ता आले. हळदीला धवला लावला; दोन ओळी झाल्या, खोकल्याची उबळ आली, आणि स्पीकरमधून कृष्णाबाई म्हणाल्या, “माजा दम सरला. पुढं तू म्हन, मैना.” पुढचा आवाज मैनाताईंचा, चौदा वर्षांपूर्वीचा; चाचरत आला, मग मोकळा झाला. मांडव मैनाताईंकडे वळला. त्यांनी हातानेच साउंडवाल्याला थांबवलं, लेकीच्या गालाला हळद लावली आणि उरलेला धवला स्वतः म्हटला.