डावीकडे ओढणारी गाडी

बाबा, तुमची गाडी अजून माझ्याकडेच आहे. मुलगा म्हणतो, "मम्मी, अब बेच दो इसको," माझ्या बँकेतले लोकही हसतात, पण धारहून मांडूला आईला रामाच्या दर्शनाला न्यायचं तर मला हीच लागते. आई मागेच बसते. पुढची डावी सीट तुमची, असं ती कधी म्हणाली नाही. बसत मात्र नाही. नालछ्याच्या रस्त्यावर मला गाडी शिकवताना तुम्ही त्याच सीटवर बसून, पायाशी ब्रेक नसतानाही, ब्रेक दाबल्यासारखा उजवा पाय जमिनीवर दाबायचात. मी चिडायचे. "बाबा, गाडी मी चालवतेय ना?" "चालव की. मी कुठे काय करतोय?" आणि पुढच्या वळणावर पाय पुन्हा दाबलेला.

या हिवाळ्यात गाडी मधूनच धरायला लागली. धार सोडून जरा पुढे गेलं की जड व्हायची, कुणी हळूच ब्रेकवर पाय ठेवावा तशी, आणि डावीकडे ओढायची. कधी व्हायचं, कधी नाही. मेकॅनिककडे नेली की तो एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "दीदी, गाडी तो मक्खन है." मग एका रविवारी, लख्ख उन्हात, दोन्ही बाजूंना गहू उभा असताना गाडीने तसंच धरलं आणि मागून आई शांतपणे म्हणाली, "अहो, चालवू द्या ना तिला." मी आरशात पाहिलं. ती माझ्याशी बोलत नव्हती. तिची नजर डाव्या सीटवर होती. आणि गाडी सुटली, हलकी झाली.

आई हल्ली विसरते. नावं, वार, गॅस बंद केला की नाही. पण तुम्ही गेल्यावर तुमच्याशी बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर ती दर वेळी बोलायची, गाडीने धरलं की. रागावून नाही, जेवताना तुम्हाला "पुरे आता" म्हणायची ना, त्या आवाजात. डावीकडे पाहायचं नाही असं ठरवून मी चालवत राहायचे आणि माझी डावी बाजू गार पडायची.

मग एका खेपेला नालछ्याच्या आधी गाडीने फारच ओढलं. जळका वास आला, मला वाटलं शेतातून येतोय. नालछ्याला आम्ही चहाला थांबलो. आईने गाडीतच बसून चहा घेतला. मी किल्ली फिरवली तेव्हा ती म्हणाली, "चल. ते उतरले इथेच."

"कोण, आई?"

"हेच. काम आहे म्हणाले."

गाडी सुरळीत निघाली. पुढे उतार लागला, खाली वळणाशी कापूस भरलेली ट्रॉली रस्त्यात आडवी येत होती, आणि मी ब्रेक दाबला तर पाय पाण्यात गेल्यासारखा थेट खाली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला, गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. ट्रॉलीवाला ओरडत गेला. आई पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली, पण लागलं नाही. "आता का थांबलीस?" एवढंच तिने विचारलं.

लांबून आलं की तुम्ही गाडीभोवती फिरून प्रत्येक चाकाजवळ पालथा हात धरायचात. मी तेच केलं. तीन चाकं कोमट, पुढच्या डाव्याजवळ हात नेववेना. बाटलीतलं पाणी टाकलं तर चर्र झालं. गार झाली की गाडी पुन्हा शहाणी होणार, हे आता कळलं होतं, म्हणून नालछ्याहून मेकॅनिक मोटरसायकलवर आला तेव्हा म्हटलं, "भैया, ठंडी मत होने दो, अभी उठाओ." त्याने जॅक लावला. चाक फिरेना. आतला बारीक स्क्रू सैल केला, ब्रेकच्या तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. "रबर का पाइप अंदर से फूल गया, दीदी. तेल को जाने देता है, लौटने नहीं देता." म्हणजे ब्रेक अर्धा धरलेलाच राहायचा, चाक तापायचं, चहाला थांबलो, वारा लागेना, आतलं तेल उकळलं आणि पुढे दाब पोचलाच नाही. डावीकडे ओढणंही त्यातच आलं. सगळं नीट बसतं, बाबा. आईचं "ते उतरले इथेच" तेवढं बसत नाही.

पाइप बदलला, तेल बदललं. गेल्या रविवारी गाडी सरळ रेषेत गेली आणि आई पूर्ण रस्ता गप्प. नालछ्याशी मला राहवलं नाही. "आई, बाबा कुठे गं?"

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, सांभाळून. "अगं, ते जाऊन किती वर्षं झाली. तुला कुणी सांगितलं नाही?"

हे लिहिलेलं कुठे ठेवायचं, माहीत नाही. मुलाला मराठी कळतं, वाचता येत नाही. आईचा चष्मा आता तिच्या कामाचा राहिला नाही. तेव्हा टेबलावर उघडं पडलं तरी चालेल. कुणाला बोलले नाही ते एवढंच की त्या दिवशी, चहानंतर, तुम्ही उतरलात असं आई म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं होतं.