मोहाच्या गाठी

आलापल्ली, माघ महिना, सन १९५१

जमादारभाऊ,

जोहार घ्या. माझा नवरा पोचम प्राणहिता नदीपलीकडून आला, इथी सागवान तोडते. कागद नाई त्याच्यापाशी. पलीकडं बंड चालू. मोहाच्या झाडाले त्यानं गवताची गाठ मारलेली तुमी पाह्यली अन् म्हणले, "हे बंडवाल्याइची खूण हाय, चांद्याच्या जेलात धाडतो!" त्याले चौकीत कोंडलं.

अजी, फुलं झडाच्या आधी जो गाठ मारते, त्याची त्या झाडाची फुलं. इथलं लेकरूबी जाणते. मी सांगतलं, तर तुमी हसले.

मंग आमी गावच्या साऱ्या बायाइनं दिसल त्या मोहाले गाठ मारली, पार चौकीवरी. "आता आमालेबी कोंडा," म्हणलं. म्हातारी गुणाबाई तर हात पुढं करून पह्यली उभी! तुमची कोठडी एवढीशी, साऱ्या मावतो कुठं? पोचमले सोडलं, तवा ढोल वाजवत घरी नेला.

हे पत्र टाकत नाई. याच्यातबी तुमी खूण शोधसान.

पण चौकीच्या अंगणातल्या मोहाले माझी गाठ हाय. फुलं झडली का आमी दोघं वेचाले येऊ. झाडाखालची तुमची खाट बाजूले सारून ठेवजा.

पोचमची बायको,
नीलाबाई