कोशातलं एक वाक्य

रविवार, १३ डिसेंबर २००९. बदलापूर.

अण्णा, आज भाऊ घर विकत घ्यायला बघणारं एक जोडपं घेऊन आला होता. त्यांनी नळ सोडून बघितले, पण पाणी गेलेलं होतं. बाल्कनीतून डोंगर दिसतो, ते बाईंना आवडलं. माझ्याकडे बघून त्यांनी भावाला विचारलं, "आणि या?" तो म्हणाला, "बहीण. सध्या इथं असते." मी चहा केला. ते उतरून गेल्यावर चपला घालता घालता त्यानं विचारलं, "मग तू कधी निघतेस?" सांगते म्हटलं. बाकी दिवसात काही झालं नाही.

तुम्हाला पत्र लिहायचं कधी मनात आलं नव्हतं. पण "सध्या इथं असते" हे त्यानं अगदी तुमच्यासारखं म्हटलं.

अंबरनाथच्या कारखान्यात रशियन मशिनी होत्या, आणि त्या बसवायला आलेल्या इंजिनियरांकडून तुम्ही त्यांची भाषा शिकलात. मशिनी भंगारात गेल्या, तुम्ही निवृत्त झालात, भाषा तेवढी उरली. मग मुंबईच्या एका प्राध्यापकांनी तुम्हाला काम दिलं. रशियन साहित्यातले शब्द, त्यांना साधं इंग्रजी, असा छोटा कोश. तुम्ही जन्मभर मशिनींची पुस्तकं भाषांतरित केलेली, कादंबरी एकही वाचलेली नाही. कामाची पद्धत तीच ठेवलीत. मशीन चालवणाऱ्याला एकदा ऐकून कळलं पाहिजे. म्हणून मी भाकऱ्या थापत असताना तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून वाक्य वाचायचात आणि माझ्या हाताकडे बघायचात. हात थांबला की वाक्य रद्द. "अडकलीस ना? मग वाचणाराही अडकेल."

'लीश्नी चेलोव्येक' हा शब्द तुम्हाला फार दिवस पुरला. शिकलेला, चांगल्या घरातला, पण कुठंच जागा नसलेला माणूस. त्यांच्या कादंबऱ्यांत तो इतक्यांदा येतो की त्याचं नावच पडलं. इंग्रजीत 'सुपरफ्लुअस मॅन' म्हणतात, असं प्राध्यापकांनी आधीच कळवलं होतं. तुम्हाला पटेना. "असं कोण बोलतं? शब्द संपेपर्यंत माणूस निघून जाईल."

"मग एक्स्ट्रा म्हणा."

"एक्स्ट्रा रिक्षावाला मागतो."

"सरप्लस?"

"ते कारखान्यात आम्हाला म्हणायचे. ते नको."

तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका सिंधी शेठच्या दुकानात इंग्रजी पत्रं टाइप करायची. शेठना विचारलं. ते म्हणाले, "घर में रहता है, खाता है, किसी काम का नहीं? बेटी, उसको इंग्लिश में ब्रदर-इन-लॉ बोलते हैं." मी हे घरी सांगितल्यावर तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. आई गेल्यापासून आपण एवढं कधी बोललो नव्हतो. त्यात माझ्याबद्दलचं काहीच नव्हतं.

मला सासर सोडून येऊन वर्ष होत आलं होतं. माहेरी आलेल्या मुलीला सगळे एकच विचारतात, कधी आलीस, किती दिवस आहेस. सुरुवातीला अख्ख्या बिल्डिंगनं विचारलं. मी चार दिवस म्हणायची. मग हळूहळू सगळ्यांनी विचारणं सोडलं. तुम्ही तर कधीच विचारलं नव्हतं, आणि राहा असंही म्हणाला नव्हतात. एका रविवारी चामटोलीहून आत्या वालाच्या शेंगा घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "अजून हायेस का गं इथंच?" उत्तरासाठी थांबली नाही. तुमच्याकडे वळली, "दादा, हिचं काय ठरवलंस?" मी आत उभी राहून ऐकत होते. तुम्ही म्हणालात, "ती सध्या इथं असते." आत्या शेंगा सोलायला बसली.

त्याच संध्याकाळी मी भाकरी थापते आहे आणि तुम्ही चष्मा लावून दारात येता. "शब्द राहू दे प्राध्यापकांचाच. खाली उदाहरणाला वाक्य देतो, म्हणजे कुणालाही कळेल. ऐक." आणि वाचता. 'शी केम होम फॉर अ फ्यू डेज, अँड आफ्टर अ व्हाइल नोबडी आस्क्ड हर व्हेन शी वॉज लीव्हिंग.' ती चार दिवसांसाठी घरी आली, आणि पुढं पुढं तिला कुणी विचारेनासं झालं, की निघणार कधी. कादंबऱ्यांतला तो माणूस पुरुष असतो, असं तुम्हीच मला सांगितलं होतंत. वाक्यात मात्र बाई होती.

तुम्ही माझ्या हाताकडे बघता. हात चालू आहे, भाकरी गोल होते आहे.

"नॅचरल आहे?"

"हो."

"बघ. साधं बोललं की जमतं." आणि आत जाता.

म्हणजे तुम्हाला सगळं दिसत होतं. तुम्हाला दिसतच नाही अशी मी वर्षभर स्वतःची समजूत घातली होती, आणि त्या समजुतीवर तुम्हाला माफ करत आले होते. तुम्ही नीट पाहिलंत, नेमकं मांडलंत, आणि परक्या माणसांना वाचायला दिलंत. ही इथलीच आहे, एवढं आत्याला मराठीत सांगायला कुठला कोश लागत होता? पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. कोश त्यानंतर आला. शब्द प्राध्यापकांचा, खाली माझं वाक्य, एक अक्षरही न बदलता. पुस्तक कपाटात आहे. भावानं ते कधी उघडलेलं नाही. आज त्यानं कधी निघतेस विचारलं तेव्हा मला हसूच येणार होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं.

एक सांगायचं राहिलं होतं. त्या संध्याकाळी हात थांबत होता. मी थांबू दिला नाही. तुमच्या नियमानं ते वाक्य रद्द व्हायला हवं होतं.

मोरीत नळ उघडाच राहिला होता, त्याला पाणी आलंय. बादली लावते.