पानाची शेवटची ओळ

५ एप्रिल, रविवार
आधी कालच्या नोंदीत दुरुस्ती. मीटअपमध्ये मी कोडमधला माझा बदल मांडला, असं काल लिहिलं आहे. ते खरं नाही. मी खुर्च्या मांडल्या. बदल लॅपटॉपमध्ये होता आणि लॅपटॉप बॅगेत. दमून लिहिलं की असं होतं. निदान इथे तरी खोटं नको.

मुद्दा साधा आहे. दर महिन्याच्या या मीटअपला जमणाऱ्या आमच्या ग्रुपचा एक प्रोग्राम आहे. तो पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवतो. फुकट, सगळ्यांना खुला. फेब्रुवारीच्या आवृत्तीपासून तो प्रत्येक पानाची शेवटची ओळ गाळतो. चूक मला सापडली. दुरुस्तीही लिहून झाली. आता फक्त द्यायची. आमच्याकडे पद्धत अशी की, नव्या माणसाचा पहिला बदल मीटअपला पडद्यावर लावायचा, त्याने तो ओळ न् ओळ वाचायचा आणि बाकीच्यांनी मधेमधे टोकायचं. मला त्याची भीती वगैरे नाही. व्हेरिएबल्सची नावं मनासारखी नव्हती, इतकंच.

२ मेच्या मीटअपला नक्की.

१६ एप्रिल, गुरुवार
बाबा हाच प्रोग्राम वापरतात. नजर अधू झाल्यापासून दिवसभर कानात इअरफोन. आज जेवताना म्हणाले, "डोकं चालेनासं झालंय माझं. पान उलटलं की धागाच सुटतो." आई म्हणाली, डोकं आधी कधी चालायचं तेवढं सांगा. मी हसले. बाबा हसले नाहीत.

दोष प्रोग्रामचा आहे हे तेव्हाच सांगता आलं असतं. पण मग ते म्हणाले असते, कर की दुरुस्त. आणि तिथे नियम आडवा येतो. शाळेत जायच्या आधी बाबांनी मला याच टेबलावर पाढे आणि प्रोग्रामिंग बरोबरच शिकवलं, आणि पहिला धडा हा: दुसऱ्याने तपासल्याशिवाय कुणाच्या मशीनवर काहीही टाकायचं नाही. माझा बदल कुणी तपासलेला नाही, कारण मी तो दिलेला नाही. म्हणजे बाबांच्या मशीनवर टाकता येत नाही. यात माझा नाइलाज आहे.

अर्धवट बातमी सांगण्यापेक्षा काम झालं की एकदमच सांगेन. खूश होतील.

२ मे, शनिवार
मीटअप. मुनींनी विचारलं, आज वाचन कुणाचं? (मुनी म्हणजे प्रोग्राम सांभाळणारे. दाढी छातीपर्यंत, बोलणं मोजकं.) मी त्या वेळी टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्ड बघत होते. वर आले तोवर वेळ संपली होती.

एका अर्थी बरंच झालं. बदल तीस ओळींचा होता, आता दोनशे दहा झालाय. शेवटच्या ओळीपुरतं ठिगळ लावण्यात काय अर्थ? पानाची सगळी व्यवस्थाच नव्याने लावते आहे.

३ मे, रविवार
दुरुस्ती. वेळ संपली नव्हती. वाचायला कुणीच नाही म्हणून सगळे लवकर चहाला गेले. बोर्डही ठीक होता.

२१ मे, गुरुवार
बाबा आता एकेक पान दोनदा ऐकतात. मग इअरफोन काढून पुटपुटत स्वतःलाच गोष्ट सांगतात. दारातून ऐकलं. प्रत्येक वेळी त्याच जागी अडखळतात. तीच जागा. पानाची शेवटची ओळ.

आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, ११ जून. "तुला सांगू नको म्हणालेत. पोरीला उगाच घोर, म्हणे."

मग कॅलेंडर पाहिलं. मीटअप ६ जूनला. डॉक्टरांच्या आधीच! म्हणजे सगळं छान जुळून येतंय. आता एकच ठराव: नवं काही लिहायचं नाही. फक्त कॉमेंट्स नीट करायच्या.

६ जून, शनिवार
लॅपटॉप बॅगेतून काढला होता. हे लिहून ठेवायला हवं.

मुनींनी विचारलं, वाचन कुणाचं? मी हात वर करतच होते, तेवढ्यात एक बँकवाला उभा राहिला. हा दुसऱ्यांदाच आलेला. टाय लावून येतो, स्वतःच्या विनोदांना स्वतःच हसतो. म्हणाला, "माझी सासू माझं डोकं खाते, पुस्तकाची शेवटची ओळ कुठं गेली म्हणून. मग म्हटलं, बघू या." पडद्यावर एकच ओळ. 'पेक्षा लहान'च्या जागी त्याने 'लहान किंवा समान' केलं होतं. एक चिन्ह.

वाचायला त्याला श्वासही घ्यावा लागला नाही. मुनी म्हणाले, "बरोबर. घेतला." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मग बँकवाल्याने मला विचारलं, ताई, तुम्ही काय आणलंय? मी म्हटलं, काही नाही, नुसतीच आले होते.

दोनशे साठ ओळी.

७ जून, रविवार
आता नियम आडवा येत नाही. बदल दुसऱ्याने तपासला आहे, सर्वांसमोर. बाबांच्या मशीनवर टाकायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागणार नाही. पण टाकला की विचारणार, कधी सापडलं गं हे? आणि त्यांच्याशी मी खोटं बोलत नाही.

दुपारी बाबांनी हाक मारली. कादंबरी संपली म्हणाले. "शेवटाला ती परत येते का गं? आत्ताच ऐकलं, तरी आठवत नाही. तू वाचली आहेस ना?"

वाचली आहे. ती परत येते. पुस्तकाच्या अगदी शेवटच्या ओळीत येते.

मी म्हटलं, बाबा, मलाही आठवत नाही.

त्यांनी माझा हात थोपटला. चेहरा एकदम सैल झाला. म्हणाले, "मग मी एकटाच नाही म्हणायचं."

हे बरोबर झालं नाही. आत्ताच जाऊन सांगितलं असतं, पण बाबा झोपले आहेत.

दुरुस्ती. झोपलेले नाहीत. भिंतीपलीकडून पुटपुटणं ऐकू येतंय, पहिल्या पानापासून.

डॉक्टर गुरुवारी. त्याच्या आदल्या दिवशी, बुधवार, १० जूनला, नक्की सांगेन.