कुबड्यांवरच्या दोन रेघा

मी, लाकूड कातणारा कातारी, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. बरगडी मोडून फुफ्फुसात घुसली आहे, डोक्यात नाही. दबाव टाकायला मुलगा काल येऊन गेला. त्याला हाकलून दिले.

१. राहती खोली आणि बँकेतली शिल्लक मुलाला. घ्यावी आणि माझ्या नावाने गळा काढू नये.

२. लेथ, पटाश्या आणि लाकडाचा साठा नातीला. मुलाने त्याला बोटही लावायचे नाही. म्हाताऱ्याला चळ लागला होता असे उद्या कोणी म्हणेल, म्हणून कारण लिहितो.

नात कॉलेजात आहे. दूरच्या लढाईत पाय गेलेल्या मुलांसाठी तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी निषेध म्हणून कॉलेजच्या पायऱ्यांवर चाळीस कुबड्या मांडायचे ठरवले. म्हणाली, "आजोबा, माझ्या कमरेएवढ्याच करा. पाच-सहा वर्षांची पोरं आहेत ती."

मी दुसऱ्या एका कामातल्या उरलेल्या तुकड्यांतून त्या केल्या. ते दुसरे काम मुलाने आणले होते: पहारेकऱ्यांच्या कंपनीसाठी दोनशे दांडकी. वजन हवे म्हणून टोकाला भोक पाडून शिसे ओतले. एक तळहातावर तोलून मीच म्हणालो, "एका फटक्यात हाड मोडलं नाही तर परत आणा." सगळे हसले. मीही हसलो.

कुबड्या मांडल्या त्या दिवशी मी पायरीवर बसून एका कुबडीचे रबर घट्ट करत होतो. पायऱ्या मोकळ्या करायला त्याच कंपनीचे पहारेकरी आले. आधी कुबड्या तुडवल्या, मग पोरे. नातीचा मित्र ढापण्या, त्याच्या चष्म्याची काच डोळ्यात घुसवली. नातीने डोके वाचवायला उजवा हात वर केला. लाकूड मोडल्याचा आवाज मी ओळखतो; हा तो नव्हता. मी तिच्यावर पालथा पडलो. पाठीत किती बसले कोण जाणे. एक दांडके धरून ठेवले, ते हातात आले. मुठीखाली दोन रेघा. माझ्या बापाची खूण. ती मी प्रत्येक कामावर उठवतो, दांडक्यांवर आणि कुबड्यांवरही.

मुलाने आणखी तीनशेंची ऑर्डर घेतली आहे. म्हणतो, "आपण नाही केली तर दुसरा करेल." मग दुसऱ्याला करू दे, मेल्या! माझ्या लेथवर नाही.

३. ते दांडके पलंगाखाली आहे. माझ्यामागे ते नातीच्या हातात द्यावे आणि हा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवावा. ती डाव्या हाताने मला पाणी पाजते तेव्हा तीनदा सांगायला गेलो. नाही जमले. घाबरलो. ऐकून तिने लेथ ठेवावे किंवा घणाने फोडावे.

ढापण्याला साक्षीदार म्हणून बोलावले. एका डोळ्याने वाचायला त्याला वेळ लागला. मी म्हणालो, "सही नको करूस हवं तर."

तो म्हणाला, "पेन द्या. आणि आजोबा, तिला माहीत आहे. त्या दिवशी आपल्याला दवाखान्यात नेताना तिनेच मला तुमच्या हातातल्या दांडक्यावरच्या त्या रेघा दाखवल्या."

नऊ दिवस पाणी पाजते आहे पोरगी.

कलम तीन खोडत नाही. तरीही वाचावे.

लिहून देणार: कातारी (सही)
साक्षीदार: ढापण्या (सही), ड्रेसिंग करणाऱ्या नर्सबाई (सही)
ठिकाण: लेथमागची खोली
दिनांक: मारहाणीनंतरचा नववा दिवस